अँटेनाचं तोंड

"माझ्या अँटेनाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतोय!"

जिन्याखालून ह्यांची हाक आली तेव्हा मी गच्चीवर फतकल मारून बसले होते. तो अँटेना मांडीवर आडवा घेतला होता आणि पक्कडीनं त्याचा नट सोडवायची खटपट चालली होती. नट गंजलेला, आणि मी तापलेली.

"कुठल्या अँटेनाला?" मी वरूनच विचारलं. "ज्याच्यावर कावळे बसतात त्याला?"

"चांगला आहे तो अजून!"

चांगला म्हणे! गल्लीत केबल आली त्याच आठवड्यात ह्यांनी स्वतःच्या हातानं त्याची वायर टीव्हीमागून उपटून काढली होती. तेव्हापासून तो पाण्याच्या टाकीला टेकून उन्हापावसात उभा होता. कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. पण मी हात लावल्याबरोबर तो "माझा अँटेना" झाला.

हा अँटेना चढला होता क्रिकेटच्या वर्ल्ड कपासाठी. तेव्हाचा थाट मी काही विसरलेले नाही. ह्यांनी पंचायत समितीच्या ऑफिसातून रजा टाकली, दोन मित्र बोलावले, कुठूनसा लांबच्या लांब बांबू आणला. एक जण गच्चीवर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "आलं, आलं, सोडू नको!" आणि मी स्वयंपाकघरात भज्यांचे घाणे काढतेय. कुठले कोण अकरा बाप्ये, त्यांचे चेहरे नीट दिसावेत म्हणून अख्खी गल्ली राबली. आता घरातली बाई रेडिओवर बोलणार होती, तर हे म्हणाले होते, "ट्रान्झिस्टरची दांडी जरा वर ओढ, येईल."

दांडी वर ओढून काही येत नव्हतं. आमचं पाटेवाडी तालुक्याचं गाव खरं, पण बसलंय खोलात. उत्तरेला बहिरोबाची टेकडी, पश्चिमेला घाट. जिल्ह्याच्या गावी आकाशवाणीचं नवं एफएम केंद्र सुरू झालं होतं, त्याचा टॉवर घाटापलीकडे. टेकडीच्या उतारावर वरची वस्ती आहे. तिथल्या पत्र्याच्या घरांत ते खणखणीत ऐकू यायचं. खाली पेठेत, आमच्या स्लॅबच्या घरात, नुसती खरखर. मी ट्रान्झिस्टर फडताळावर ठेवून बघितला, खिडकीत ठेवून बघितला, तुळशीपाशी नेऊन बघितला. दांडीला तार बांधून ती कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली, तेव्हा कुणीतरी "नमस्कार" म्हटल्याचं कळलं, आणि परत खरखर.

त्या वरच्या वस्तीत मी साक्षरतेचा वर्ग घ्यायचे. सरकारची मोहीम होती तेव्हा. दुपारची कामं आवरली की बायका समाजमंदिरात जमायच्या आणि मी त्यांना अक्षरं शिकवायचे. घरी ह्याबद्दल काय बोललं जायचं? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "सुनंदे, म्हाताऱ्याकोताऱ्या बायका शिकून काय मामलेदार होणार आहेत का गं?" त्यावर हे म्हणायचे, "असू दे आई, तेवढाच तिचा वेळ जातो." तिचा वेळ जातो! घरातलं सगळं उरकून, चढण चढून, घसा सुकेपर्यंत बाराखडी म्हणायची, आणि घरी येऊन हे ऐकायचं.

तो वर्ग बघायला एकदा आकाशवाणीच्या एक मॅडम आल्या. तासभर मागे बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "बाई, हे सगळं तुम्ही आमच्या बायकांच्या कार्यक्रमात येऊन सांगा." मी गेले आणि दहा मिनिटं बोलले; ते त्यांनी टेप करून घेतलं. आधी जीभ टाळूला चिकटली होती, मग जी सुटली ती सुटलीच. बोलण्याआधी मॅडमनी विचारलं, "तुमचं नाव काय सांगू?" मी जरा थांबले, मग सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि लाल दिवा लागला.

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. लोकांनी ऐकलं काय न ऐकलं काय, मला फरक पडत नव्हता. मला माझ्या घरातल्या दोन माणसांनी ऐकायला हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात बोलत होते, पण माझं बोलणं पुरतं कुणी ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडलं की हे पेपर उघडायचे, नाहीतर आत्याबाईंना दूध उतू गेल्यासारखं वाटायचं. रेडिओला मधेच तोडता येत नाही. दहा मिनिटं, सलग, ह्या दोघांनी गप बसून मला ऐकावं, एवढी माझी इच्छा. कार्यक्रम लागणार होता रविवारी सकाळी, एकदाच. पुन्हा लावत नाहीत, हे मी मॅडमना विचारून घेतलं होतं.

घरी स्टेशन लागत नाही म्हटल्यावर आकाशवाणीतल्या एका इंजिनिअरांनी मला उपाय सांगितला होता. ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी पाऊण मीटरच्या. एका फळीवर आडव्या ठोकायच्या, मधे दोन बोटांची फट. टीव्हीची जुनी गोल वायर असते ना, तिची आतली तार एका नळीला आणि वरची जाळी दुसऱ्या नळीला. दुसरं टोक खाली आणून ट्रान्झिस्टरच्या दांडीला जोडायचं. "आणि बाई, तुम्ही हात पसरून आमच्या टॉवरकडे तोंड करून उभ्या राहिलात तर कशा दिसाल, तसा तो उभा करा. जेवढा उंच तेवढा चांगला."

तर नळ्या कुठून आणायच्या? गच्चीवर कावळ्यांचा अड्डा होताच. त्या दिवशी हे जिन्याखालून ओरडत असतानाच मी ह्यांच्या अँटेनाच्या दोन नळ्या काढल्या, करवतीनं कापल्या, पाटाची एक जुनी फळी घेतली, आणि शनिवारी संध्याकाळी तो बांबूला बांधून टाकीशेजारी घाटाकडे तोंड करून उभा केला. खाली येऊन ट्रान्झिस्टर लावला. शेतीचा कार्यक्रम चालू होता. कुणीतरी उसावरच्या किडीबद्दल सांगत होतं, इतकं स्पष्ट की त्या माणसाला सर्दी झालीय हेसुद्धा कळत होतं. मला तर आनंदानं रडूच आलं.

हे ऑफिसातून आले, उभ्याउभ्याच ऐकलं. "हं, येतंय," म्हणाले. मग अंगणात जाऊन मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "पण तोंड चुकलंय तुझं."

"काय चुकलंय?"

"अँटेनाचं तोंड टेकडीकडे असतं."

आता हे आमच्या गावाचं शास्त्र. टीव्हीचा टॉवर बहिरोबाच्या टेकडीवर, त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या अँटेनांची तोंडं टेकडीकडे. नवीन घर झालं की गवंडीसुद्धा आधी टेकडी कुठे ते बघायचा. अँटेना म्हणजे टेकडी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या गावीच नव्हतं.

"अहो, तो टीव्हीचा. रेडिओचा टॉवर घाटापलीकडे आहे. येतंय ना ऐकू? मग झालं तर!"

"मला शिकवू नकोस. वर्ल्ड कपाला कुणी लावला होता?"

मी हात जोडले आणि विषय सोडला. चूक तिथेच झाली. ह्यांनी विषय सोडलेला नव्हता.

रविवारी सकाळी मी सगळं लवकर आवरलं. मुलं सुट्टीला मामाकडे गेली होती, त्यामुळे घर शांत. आत्याबाईंना खुर्ची दिली, ह्यांना चहा दिला, पेपर लपवून ठेवला. कार्यक्रमाला थोडा वेळ होता म्हणून ट्रान्झिस्टर लावून बघितला, तर खरखर. काटा हलवला. खरखर. मी धावत गच्चीवर गेले.

अँटेनाचं तोंड टेकडीकडे! तेवढ्यावर भागलं असतं तर फिरवून घेतला असता. पण बांबू पिरगाळताना वायर ताणली गेली होती, एका नळीचा स्क्रू तुटून कुठंतरी पडला होता, आणि तार मोकळी लोंबकळत होती.

"अहो!" मी कठड्यावरून ओरडले. "हात लावलात ना ह्याला?"

खालून आवाज आला, "जरासा सरळ केला फक्त! सकाळी सकाळी कशाला ओरडतेस, शेजारी ऐकतायत!"

रडायला वेळ नव्हता. बांबू सोडवून अँटेना खाली घेतला, फळी टाकीच्या झाकणावर ठेवली, परत घाटाकडे तोंड केलं, आणि ती सुटलेली तार अंगठ्यानं नळीवर दाबून धरली.

"आलं का?" मी ओरडले.

"आलं!" ह्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "स्वच्छ येतंय!"

मी अंगठा उचलला.

"गेलं!"

दाबला. "आलं! सोडू नकोस, तशीच धर!"

"तशीच धर म्हणजे? मी ऐकायचं कसं मग? तुम्ही या वर, तुम्ही धरा!"

"मग इथं काटा कोण सांभाळणार? आणि तुला काय करायचंय ऐकून? तू काय बोललीस ते तुला ठाऊक आहेच की!"

ह्याच्यावर काय बोलायचं, सांगा तुम्ही. पण म्हटलं, जाऊ दे. मी ऐकण्यासाठी कुठं एवढं केलंय, ह्यांनी ऐकण्यासाठीच तर केलंय. चैत्राचं ऊन, पायात चप्पल नाही, स्लॅब तव्यासारखा तापलेला. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते, पण अंगठा हलू दिला नाही. नळी चटका देत होती तरी नाही. आमची म्हणजे कमालच म्हणायची, नाही का? सूनबाई रेडिओवर बोलणार, आणि सूनबाईच गच्चीवर अँटेनाचा खांब होऊन उभी.

खालून बारीक संगीत आलं. कार्यक्रम सुरू झाल्याचं मला तेवढ्यावरून कळलं. मग कुणी बाई काहीतरी बोलली, पण गच्चीपर्यंत शब्द येत नव्हते.

एवढ्यात ह्यांची हाक आली, "अगं, दुसरंच लागलंय!"

"दुसरं म्हणजे?"

"दुसरीच कुणी बाई बोलतेय! तुझं नाही हे! फिरव जरा!"

"नीट बघा! काटा हलला असेल!"

"काटा आहे तिथंच आहे! मी सांगत होतो ना, तोंड चुकलंय! टेकडीकडे फिरव, टेकडीकडे!"

आणि मी फिरवला. माझ्या ह्या हातांनी फिरवला. वाटलं, दुसऱ्या कुठल्या गावचं केंद्र मधे घुसलं असेल, माझे दोन शब्द तिकडे वाया जातायत. मी फळी उचलली आणि टेकडीकडे वळवली.

"गेलं सगळं! अजून फिरव!"

अजून फिरवला. "नुसती खरखर! वर उचलून बघ!" वर उचलला. डोक्यावर धरला. हात भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. इकडे फिरव, तिकडे फिरव, आता आलं, आता गेलं. शेवटी मी परत घाटाकडे वळले, तेव्हा खालून गाण्याची ओळ ऐकू आली.

"संपलं वाटतं," हे म्हणाले. "गाणी लागली. ये खाली."

मी जिना उतरून आत गेले. अंगठ्यावर नळीचा लाल वळ उठला होता. आत्याबाई खुर्चीतच होत्या. ह्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला, समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे गं. सरकारी काम. ऐनवेळी बदललं असेल, तुझ्याऐवजी दुसरीला घेतलं. असं चालतं."

"कुणाला घेतलं?"

"कोण की. हौसाबाई म्हणून कुणीतरी. आडनाव खरखरीत गेलं."

हौसा माझं नाव. माझ्या बापानं ठेवलेलं. आमच्या भागात मुलीवर मुलगी झाली की लोक तिचं नाव नकोशी ठेवायचे. माझ्या बापानं तीन मुलग्यांनंतर देवाकडे मुलगी मागितली आणि हौसेनं हौसा नाव ठेवलं. लग्न ठरलं तेव्हा आत्याबाईंनी नाक मुरडलं होतं. हौसा कसलं नाव, म्हणे, आमच्याकडे शेतात तण भांगलायला येते तिचं नाव हौसा. लग्नपत्रिकेतच सुनंदा छापलं. मांडवात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं सुनंदा लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि हौसा संपली. माहेरी भाऊ नुसतं पोरी म्हणतात. हौसा म्हणून हाक मारणारा एकटा बाप, तोही पुढं गेला.

मग वरच्या वस्तीतल्या वर्गात पहिल्याच दिवशी अनसाबाई म्हणाली, "बाई, नाव लिवा म्हंता, पर कुठलं लिवू? म्हायेरचं का सासरचं?" मी म्हटलं, तुम्हाला आवडेल ते. तर तिनं मलाच उलट विचारलं, "तुमचं कुठलं?" मी फळ्यावर हौसा लिहिलं. केवढ्या वर्षांनी लिहिलं! तेव्हापासून त्या वस्तीत मी हौसाबाई. आकाशवाणीच्या मॅडमनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, आणि दहा मिनिटं बोलले ती ह्याच नावाच्या गोष्टीबद्दल.

मी ह्यांच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती, सोंग नव्हतं. ह्यांना ते नाव खरोखरच ठाऊक नसल्यासारखा चेहरा होता. विसरले असते तर मी समजून घेतलं असतं. विसरायलासुद्धा आधी कधीतरी ऐकून घ्यावं लागतं!

"आणि आवाज?" मी विचारलं. "आवाज कुणाचा वाटला?"

"आवाज काय, त्या बाईचा. बरी बोलत होती हां पण. अगदी ठणकावून बोलत होती."

"माझ्यासारखा नाही वाटला?"

हे हसले. "तुझ्यासारखा? अगं, तू कुठं तशी बोलतेस?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी आत्याबाईंकडे वळले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आत्याबाई, तुम्हीही नाही ओळखलंत?"

"मला मेलीला कमी ऐकू येतं गं हल्ली," त्या म्हणाल्या.

कमी ऐकू येतं! शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी आत्याबाईंना कुणाकडे काय शिजतंय ते कळायचं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. नाव ऐकलं होतं, आवाज ओळखला होता, लेक खिडकीतून "दुसरीच बाई" म्हणून ओरडत होता तेही ऐकलं होतं. आणि गप बसल्या होत्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात दार वाजलं.

हे उठून गेले. दार अर्धवट उघडून चौकटीत उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून मला बाहेरचं दिसत होतं. अनसाबाई होती, आणि तिच्या मागे वस्तीतल्या सात-आठ जणी. उन्हातून टेकडी उतरून आल्या होत्या. चेहरे लाल, पदर डोक्यावर. एकीच्या काखेत ट्रान्झिस्टर होता, त्यावर गाणी अजून चालूच होती.

"हौसाबाई हाईत का घरात?" अनसाबाईनं विचारलं.

"कोण?"

"हौसाबाई. आमच्या बाई. आत्ता रेडिवर बोलल्या त्या."

हे हसले. "घर चुकलं तुमचं. इथं कुणी हौसाबाई राहत नाही."

"राहते," मी म्हणाले.

मला वाटलं होतं मी हळू म्हणाले, पण ते बरंच मोठ्यानं निघालं असावं. आत्याबाईंच्या बोटावरचा पदर सुटला. हे वळले. माझ्याकडे बघितलं, मग त्या बायकांकडे, मग परत माझ्याकडे.

मी त्यांना बाजूला केलं आणि दार सताड उघडलं.

"या गं, सगळ्या आत या. अनसाबाई, तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं की! पयल्यापासून शेवटपत्तुर!"

"मग बसा हितं," मी म्हणाले, "आणि मी काय काय बोलले ते ह्या दोघांना सांगा. मधे थांबू नका."